नॉर्मली क्लोज्ड

फोंड्यात, तिस्कावर, बेकरीच्या वरच्या माळ्यावर
संध्याकाळी सहा ते आठ आमचा कोर्स.
जिन्यात पावाचा वास, आत सोल्डरचा.
आम्ही नऊ जण, सगळे इंजिनियर,
म्हणजे कागदावर. कागद लॅमिनेट केलेला.

पहिल्या दिवशी कायतान मेस्तांनी टेबलावर
एक मोटर ठेवली, एक लाल बटण,
वायरींचा एक गुंता,
आणि म्हणाले, चालवा.
आठ सेमिस्टर आम्ही मोटर चालवतच आलो होतो,
वहीत, पेन्सिलीने, बाण काढून.
वहीतला प्रवाह नेहमी डावीकडून यायचा.
इथे तो कुठून येतो तेच कळेना.
मिथील केरकर म्हणाला, सर, याचा डायग्राम?
मेस्त म्हणाले, सर म्हणू नको, आणि डायग्राम तू काढ.

ते आठवी शिकलेले. सव्वीस वर्षं मांडवीवर,
बार्जींच्या पोटात, डिझेलच्या उकाड्यात.
खाणी थांबल्या, बार्जी नांगरावर गंजल्या,
तसे ते काही पॅनल भंगाराच्या भावात उचलून
टेम्पोतून इथे घेऊन आले.
त्यांच्याच पॅनलवर आता आम्ही शिकतो.

तिसऱ्या आठवड्यात माझी मोटर फिरली.
मी फोटो काढला, घरच्या ग्रुपवर टाकला.
मेस्त पक्कड घेऊन आले
आणि स्टॉपच्या बटणाची वायर
चालत्या यंत्रात, कट्‌, तोडली.
म्हणाले, आता थांबव.
मी लाल बटण दाबलं. परत दाबलं.
अंगठा पांढरा पडेस्तोवर दाबलं.
मोटर आपली फिरतेय.

आयक गो, ते म्हणाले,
तू यंत्राला शिकवलंस, हाक आली की थांब.
हाक मारणाराच मेला तर?
उंदराने वायर खाल्ली, खाऱ्या हवेने खाल्ली, तर?
बटणातून प्रवाह सारखा वाहता ठेव.
मी आहे, मी आहे, असं त्याने बोलत राहायचं.
बोलणं तुटलं की यंत्र थांबलं पाहिजे.
गप्प म्हणजे ठीक, असं यंत्राला कधी शिकवू नको.

मी वहीत लिहिलं: स्टॉप, नॉर्मली क्लोज्ड.
परीक्षेत दोन मार्कांना आलं होतं हे.
मला दोन्ही मिळाले होते.

शनिवारी सॉफ्ट स्किलच्या बाई येतात, म्हापशाहून.
हात कसा मिळवायचा, खुर्चीत किती टेकायचं.
दोष विचारला तर म्हणायचं, मी फार जास्त काम करते.
नऊ जण, नऊ वेळा, मी फार जास्त काम करते.
खालून बेकरीवाला भट्टीचं दार आपटतो.

वेर्ण्याला मुलाखत झाली. एसी इतका की
फाइल धरलेली बोटं बधिरली.
दोष विचारलाच.
पाठ केलेलं ओठांपर्यंत आलं, आणि मी म्हणाले,
कळलं नाही तरी मी मान डोलवते.
चार वर्षं डोलवली. आता सोडवते आहे सवय.
समोरच्या बाईंनी काहीतरी लिहून घेतलं.
कळवू म्हणाल्या. अकरा दिवस झाले.

त्या दिवशी कदंबाने बांदोड्याला उतरले,
अंगणातून घरात शिरताना पाय अडखळला.
बाबांची शेड. दारं, चौकटी, भुसा.
कोर्सची फी दोन हप्त्यांत भरली होती त्यांनी.
दुसरा कुठून आणला विचारलं तेव्हा म्हणाले होते,
सगळं ठीक आहे.
मी मान डोलवली होती.

रंध्याचं मशीन किती दिवस ऐकलं नव्हतं मी?
मला वाटलं होतं, उन्हाळ्यात कामं कमी असतात.

ते हाताच्या रंध्याने फणसाची फळी तासत होते,
सावकाश, एकेक सालपट.
बाबा, मशीन कुठे गेलं?
हात थांबला.
तुका कोणे सांगलें?
कोणी नाही, म्हटलं.
आवाज यायचा बंद झाला.