मुखापासून मोजलेले किलोमीटर

पासाऊच्या पुलाखाली बाबांनी सायकल टेकवली
आणि काठावरची पांढरी पाटी मोठ्याने वाचली:
दोन हजार दोनशे सव्वीस.
डॅन्यूबचे किलोमीटर मुखापासून उलटे मोजतात,
हे मी शाळेत नाही, जेवणाच्या टेबलावर शिकले.
नद्यांनी खरं तर उगमापासून वय सांगावं.
ही सांगते, अजून किती उरलंय.

एकोणचाळीस वर्षं त्यांनी बार्ज चालवली.
लोखंड, गहू, एक अख्खा हिवाळा नुसती खडी.
घरी पाहुण्यासारखे यायचे
आणि आई त्यांना पाहुण्यांच्या कपातच कॉफी द्यायची.
आता गुडघा बदललेला, बॅटरीवरची सायकल,
केशरी हेल्मेट,
आणि पाच दिवसांची रजा काढलेली मी, गुंडुला,
मागून येणारी.

पहिल्या दिवशी ते रस्त्याकडे बघतच नव्हते.
"डावीकडे खडक आहे!" असं ओरडायचे,
मी ब्रेक दाबायचे.
खडक पाण्याखाली असायचा.

श्ल्योगेनला नदी अशी वळते
जसं कुणी निम्म्या वाटेवर थांबून खिसे चाचपतं.
तिथं तरीवाल्या बाईनं आम्हाला पलीकडे नेलं.
ती शिट्टी वाजवत होती, बाबा तिच्या हातांवर नजर ठेवून.
भाडं देताना त्यांनी नाणी दोनदा मोजली.
नदीला पैसे द्यायची त्यांची पहिलीच वेळ.

लिंट्सनंतर सांगण्यासारखं काही नाही.
मक्याची शेतं, तोंडावर वारा, बोचणारी सीट.
आम्ही भांडलो.
नकाशावरून सुरू झालं, आईच्या ऑपरेशनवर येऊन थांबलं.
त्या दिवशी ते ब्रातिस्लाव्हाच्या खाली होते, धुक्यात नांगर टाकून.
बार्ज अशी वळवता येत नाही, गुंडुला.
मला माहीत आहे.
मला तेव्हाही माहीत होतं.

रात्री लॉजच्या मालकीणबाईंनी आमच्या ओल्या बुटांत
वर्तमानपत्राचे बोळे कोंबले,
आणि जिन्यातल्या भिंतीवरच्या रेघा दाखवल्या:
इथवर पूर आला होता, आणि इथवर, आणि हा,
माझ्या नवऱ्याच्या खांद्यापर्यंतचा.
बाबा सगळ्यात वरच्या रेघेला बोट लावून बराच वेळ उभे होते.
त्या आठवड्यात आपण कुठं बांधून पडलो होतो, हे आठवत असावेत.

ग्राइनच्या खाली एक पिवळं घर आहे, असं त्यांचं म्हणणं.
दर फेरीला ते भोंगा वाजवायचे,
आणि दोरीवरचे कपडे सोडून एक बाई हात हलवायची.
तीस वर्षं. नाव माहीत नाही.
आईला हे ठाऊक होतं का, मी विचारलं नाही.
त्या टप्प्यावर आम्ही तीनदा मागे-पुढे केलं.
पिवळी घरं दोन होती, एक पिवळसर.
"पाण्यावरून एका नजरेत ओळखलं असतं," ते म्हणाले,
"इथून सगळ्यांच्या पाठी दिसतात."

तेवढ्यात खालून एक बार्ज वर आली, जड,
पाणी जवळजवळ डेकला टेकलेलं.
केबिनमागं दोरी, दोरीवर एक निळा टी-शर्ट, चार मोजे.
बाबांनी हेल्मेट काढून हलवलं.
कुणी पाहिलं नाही.
मी घंटी वाजवली, ती पोरकट ट्रिंग ट्रिंग,
आणि वाजवतच राहिले, बार्ज वळणाआड जाईपर्यंत.

वाखाऊमध्ये जर्दाळू पिकले होते.
रस्त्याकडेला टेबल, टेबलावर टोपल्या, पैशांचा डबा,
विकणारं माणूस नाही.
आम्ही किलोभर घेतले आणि क्रेम्सपर्यंत बिया नदीत थुंकत गेलो.
पाटीवरचा आकडा दोन हजारांच्या खाली गेला
तेव्हा बाबा सायकलवरून उतरले.

"घरी येताना मी धरणाआधी दोन भोंगे वाजवायचो," ते म्हणाले,
"तुझ्यासाठी एक. ऐकू यायचा?"

आमचं घर टेकडीच्या मागं होतं.
शेजारी लाकडाचा कारखाना.

"यायचा," मी म्हणाले.
त्यांनी मान हलवली, साखळीला तेल घातलं,
आणि बाटली माझ्याकडे दिली.