तिसऱ्या पायरीवरून

फोटो नेहमी तिसऱ्या पायरीवरूनच.
चौथीवर गेलं की भोइट्यांची टाकी मध्ये येते,
दुसरीवर अजिंक्यतारा कौलांत बुडतो.
तिसरीवर बरोबर. पुढे तामण, मागे किल्ला,
आणि मधून, नाइलाजानं, विजेची तार.

बत्तीस वर्षं मी त्या तारेच्या बाजूनं होतो.
मे उजाडला की बांबूला कोयता बांधायचा,
कोरेगाव, रहिमतपूर, पार वाठारपर्यंत.
फांदी फुलात आहे की फळात
हे बघायला लाईनमनला सवड नसते.
खालून बायका म्हणायच्या, अहो, जरा जपून.
मी म्हणायचो, उजेड पाहिजे ना?

आता गोडोलीत हे एकच झाड.
आळं मी करतो, तांदळाचं धुवण मी घालतो,
वाळवीसाठी बुंध्याला चुना.
पौषात पानं तांबडी होतात आणि गळतात
रागावल्यासारखी, एका आठवड्यात.
भोइटेवहिनी झाडू घेऊन आमच्याकडे बघत राहतात.
फाल्गुनात नुसती वाळकी बोंडं.
नात म्हणते, आबा, हे सात फोटो सारखेच आहेत,
डिलीट करू?
सारखे कुठले? सहाव्यात डाव्या टोकाला
कोंब आहे, मोहरीएवढा.
ती दोन बोटांनी मोठं करत जाते
चौकोन चौकोन दिसेपर्यंत.

वैशाखात झाड फुलतं आणि फोन खोटं बोलतो.
जांभळं आहे ते निळं दाखवतो.
पहाटे काढून पाहिलं, ढगात पाहिलं,
शेजारी पांढरा रुमाल धरून पाहिलं.
निळंच.

परवा नवा पोरगा आला, इरफान मुलाणी.
तोच बांबू, तसाच कोयता.
काका, तारेला टेकलीय. घ्यावी लागेल.
म्हटलं, घे. पण थांब.
आधी फोटो काढला. मग घरातली करवत आणली,
शिडी स्वतः धरली, आणि सांगितलं,
डोळ्याच्या वर काप. तिरका.
पाणी साचता कामा नये.
हे मला नोकरीत कुणी सांगितलं नव्हतं.
मीही विचारलं नव्हतं.

फांदी आली ती फुलांसकट.
इरफाननं एक तुरा गाडीच्या हँडलला अडकवला.
मी कापावर शेण-गेरू लिंपला, हात पुसले,
आणि तिसऱ्या पायरीवर जाऊन उभा राहिलो.

तारेभोवती आता हातभर आभाळ.
फोटोत ती जागा निळी आलीय.
तेवढी मात्र बरोबर आलीय.