लडी

सुट्टीचा सोमवार. टेगवेन म्हणाली, चल,
तिथे चहासोबत बेदाण्यांचा केकही असतो.
केकसाठी मी वेल्समधल्या कुठल्याही खेड्यात जातो.

चॅपलमागच्या कुरणात तंबू, तंबूत सूतच सूत:
कांद्याच्या सालीचं पिवळं, दगडफुलाचं तांबूस,
आणि एक करडं, काहीच न केलेलं.
त्याच्यापाशी मी रेंगाळलो.
वास ओळखीचा होता,
भिजून सुकत आलेल्या मेंढीचा.

"हात पुढे करा," दुकानवाली एलिनेड म्हणाली,
आणि का म्हणायच्या आत लडी माझ्या मनगटांवर.
बेडी पडल्यासारखा उभा मी. ती गुंडा वळतेय,
आणि माझे हात डावीउजवीकडे झुलतायत,
कुणी न शिकवता.

चाळीस वर्षं मेंढ्या भादरल्या या हातांनी.
सूत आज पहिल्यांदा धरलं.

लडीला चिठ्ठी होती: बावीस पौंड.
एके वर्षी लोकरीतून गाडीभाडंही सुटेना,
तेव्हा शेडमागे अख्खा ढीग पेटवला होता मी.
लोकर धड जळतही नाही.
तीन दिवस नुसती धुमसत होती.
टेगवेनने धुणं घरात वाळत घातलं,
बोलली काही नाही.

एवढ्यात नाक खाजायला लागलं.
दोन्ही हात अडकलेले, लडी अजून अर्धी.
समोरून टेगवेन आली, केकची बशी घेऊन.
माझ्या तोंडाकडे पाहिलं, बशी खाली ठेवली,
आणि नेमकं तिथेच खाजवलं.

जरा जोरातच.