अंगठा

माझ्याकडे चार फॉर्म होते आणि शाईचा एक पॅड.
तिसऱ्या पाड्यापर्यंत पॅड वाळला, तेव्हा मी त्यात थुंकले.
हे कुठल्या अहवालात नाही.

फॉर्मवर होतं : सहभागी व्यक्तीस संभाव्य जोखीम समजावून सांगितली आहे.
झिपरीबाईला मी म्हटलं, सुई टोचेल, थोडं दुखेल.
जोखीम गिळून टाकली.
आमच्या बोलीत त्याला शब्दच नाही, असं साहेबांना सांगितलं.
आहे. चार-पाच आहेत.
कड्यावरचं मध काढताना एक वापरतात,
पुरातून नदी ओलांडताना दुसरा.
पण सुरगाण्याची शेवटची गाडी साडेपाचची होती.

झिपरीबाई छाटणीला दिंडोरीत उतरते, खुडा संपला की चढते.
मधले महिने ड्रमात पावडर कालवते. हातानं.
हाताला मुंग्या येतात का? होय, नाही, सांगता येत नाही.
ती म्हणाली, मुंग्या नाही गं, हात झोपतो.
मी जागी असते, तो झोपतो.
मी होय वर खूण केली.

पाच मिली रक्त. नाव नाही, नंबर त्रेचाळीस.
थर्माकोलच्या डब्यात बर्फ होता.
पोरं डब्याभोवती जमली, एक तुकडा द्या म्हणाली.
तो रक्तासाठी होता.

दोन वर्षांनी गंगापूर रोडवरच्या हॉटेलात
पडद्यावर एक हात आला, भिंतीएवढा.
गोपनीयतेसाठी चेहरा कापला होता.
गोंदण नव्हतं कापलं.
मनगटावर तिच्या मेलेल्या भावाचं नाव,
मी सोडून तिथं कुणालाच वाचता आलं नाही,
म्हणजे कुणी वाचलंच नाही.
विहिरीच्या पाण्याबद्दल एक ओळ होती :
अधिक अभ्यासाची आवश्यकता.
मी त्रेचाळीसचा निकाल मागितला.
वैयक्तिक निकाल देता येत नाहीत, समितीचा नियम आहे.
जेवणानंतर द्राक्षं होती. मी खाल्ली.
गोड होती.

यंदा पुन्हा गाडी आली. नवा डबा, नवा बर्फ.
मावजी गावितांनी पॅड ओढून डॉक्टरांपुढे सरकवला,
शेजारी वहीचं फाडलेलं पान, नातीच्या अक्षरात :
मागलं रगत कुठं गेलं ते सांगू, मगच पुढलं घेऊ.
आधी तुमचा अंगठा, ते म्हणाले.
डॉक्टर हसले. माझ्याकडे बघितलं, भाषांतरासाठी.
मी केलं नाही. त्यांना समजलं होतं.
बराच वेळ कुणी काही बोललं नाही,
डब्यातून पाणी ठिबकायला लागलं.

मी ओट्यावर झिपरीबाईजवळ जाऊन बसले,
आणि तो शब्द सांगितला, आपल्या बोलीतला, पुराचा.
हा होय, ती म्हणाली, हा तर मला ठावा होता.
तू इचारलंच कुठं?

मग नागली पाखडू लागली,
सूप गुडघ्याला टेकवून, एका हातानं.