खालची सहावी पांढरी

पीटरहेड. चर्चमागचा हॉल. शनिवार, सकाळचे दहा.
हीटर एकच, तो दिग्दर्शकाच्या पायाशी.
माझ्या वाट्याला पियानो,
ज्याची मधल्या 'सी'खालची सहावी पांढरी
गेल्या हिवाळ्यापासून मुकी आहे.
दाबली की नुसतं लाकूड वाजतं. टक्.

एल्स्पेथ दाराशी फॉर्म वाटते:
नाव, उंची, नाचता येतं का, अंड्याची अ‍ॅलर्जी,
आणि मग चौकोनांची एक ओळ.
सोप्रानो. मेझो. अल्टो. टेनर. बॅरिटोन. बॅस.
त्याखाली बारीक अक्षरात: बेल्ट करता का? कुठपर्यंत?

सत्तावीस वर्षं मी या चौकोनांना साथ करतेय.
त्यांच्या कुंडल्या मला पाठ आहेत.
सोप्रानोचं लग्न ठरतं, बहुधा दुसऱ्या अंकात.
मेझो तिची मैत्रीण, तिला विनोद चांगले मिळतात.
अल्टो म्हणजे खाणावळवाली, चेटकीण,
किंवा कुणाची तरी आई.
टेनर प्रेमात पडतो. बॅरिटोन त्याचं पत्र चोरतो.
बॅसला वर्षातून एकदा न्यायाधीश करतात
आणि उरलेलं वर्ष खुर्च्या उचलायला लावतात.
आणि बेल्ट करणारी,
छातीतला आवाज तसाच्या तसा वर ओढून नेणारी,
मानेची शीर ताठ,
तिला मध्यंतराआधीचं गाणं,
ज्यानंतर लोक आइस्क्रीमच्या रांगेतही हळू बोलतात.

इशबेल क्रुकशँक अकराला आली.
मफलर नाही, माळ नाही.
गळ्यावर आडवा व्रण, चिकटवलेल्या लिफाफ्यासारखा.
थायरॉइड काढताना एक नस दुखावली.
सात महिने ती औषधांच्या दुकानात
गिऱ्हाइकांशी पाटीवर लिहून बोलली.
त्याआधी एकोणीस वर्षं या गावात
रंगमंचावरची नवरी म्हणजे इशबेल.

आवाज बसतो, फुटतो, चढतो,
एखाद्या दिवशी नुसताच लागत नाही.
तिचा घर सोडून गेला होता.
परत आला तो
तळघराच्या दारातून.

फॉर्मवर एकही चौकोन भरलेला नव्हता.
"काय लिहू?" एल्स्पेथनं पेन्सिल चावत विचारलं.
रुआरी, ग्लासगोहून शिकून आलेला, सभ्य पोरगा,
म्हणाला, "सध्या तुम्ही काय आहात?"
"तेच बघायला आलेय."

मी वरून सुरू केलं, सवयीनं.
तिनं मान हलवली. खाली.
आणखी खाली.
अल्टोचं अंगण संपलं, टेनरचं फाटक आलं,
आम्ही कडी वाजवली नाही.
रुआरीनं कागदावर काहीतरी लिहिलं, खोडलं,
पुन्हा लिहिलं.
कडेला खरखरीत होता तिचा स्वर,
खाऱ्या पाण्यात मुरलेल्या दोरासारखा,
पण वजन धरून होता.

मग माझी डावी करंगळी त्या मुक्या पट्टीवर गेली.
टक्.
आणि स्वर आला.
मी हात उचलला.
तो होताच.
दाराशी उभे असलेले दोन टेनर बोलायचे थांबले.
एल्स्पेथ पियानोकडे बघून म्हणाली,
"दुरुस्त झाला वाटतं."
कुणीच तिला उत्तर दिलं नाही.

भूमिका? खाणावळवालीची.
चार वाक्यं, गाणं नाही.
रुआरी मला दोनदा सॉरी म्हणाला, तिला एकदाही नाही.
कोरसमध्ये तिची खुर्ची
अल्टोंच्या शेवटी की टेनरांच्या सुरुवातीला,
यावर अजून वाद आहे. ती रोज थोडी सरकवते.
फॉर्म फाइलीत सुटाच असतो,
उघडली की आधी तोच जमिनीवर पडतो.

मार्चमध्ये पियानोवाला येऊन गेला.
ती एक पट्टी राहू दे, म्हटलं त्याला.
त्यानं माझ्याकडे जरा बघितलं
आणि बिलातून चार पौंड कमी केले.