पासंग

इतवारीत, भांडेबाजाराच्या मागच्या खोलीत
कूलरची खस वाळून कडक झालीय, पारा सेहेचाळीस,
आणि स्क्रीनवर बावीस हजार टनांची युद्धनौका
तिसऱ्यांदा उलटते.

घरमालकाच्या प्रणयला बारा तोफा पाहिजेत,
चिलखत वीतभर जाड, वेग बत्तीस नॉट.
काका, सगळंच लावून पाहू ना!
लाव बाप्पा.
लाल ओळ येते : जहाज तरंगणार नाही.
पोट्टा माझ्याकडे असा पाहतो
जसं काही मीच बुडवलं.

हे बघ, वरचा बुरूज काढ.
उंचावरचा एक टन तळच्या तिनांना ऐकत नाही.
रुंदी वाढव, पण हळू.
फार रुंद केलंस तर झटक्यानं सरळ होईल,
आणि नेम धरणाऱ्याचं जेवण तोंडाशी येईल.
नाक उंच कर, लाट आत नको.

लाट केवढी असते, काका?

मला काय माहीत.
मी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी अंबाझरीचं,
त्यात कागदाची होडीसुद्धा
घरी न्यायच्या लायकीची परत येते.

तेल अर्धं जाळून पुन्हा हिशेब कर.
भरल्या पोटी सगळेच सरळ उभे राहतात.
आणि शंभरेक टन कोणाच्याच नावावर टाकू नकोस.
शेवटी कोणीतरी येतंच : अरे, हे राहिलं!

माझे बाबा, डोमाजी नंदनवार,
धान्यगंजात काटे दुरुस्त करायचे.
आधी रिकामी पारडी बघायचे, माल मागाहून.
डाव्या पारड्याखाली मेणानं चिकटवलेला तांब्याचा तुकडा
नखानं खरवडून खिशात.
अडत्ये हसायचे : एवढ्याशानं काय होते, डोमाजी?
बाबा बोलायचे नाहीत. दांडी बोलायची.

त्या तुकड्यांची डबी
आज या टेबलाच्या लंगड्या पायाखाली आहे.

रात्री दीडला
आकडा हिरवा होतो : एक पूर्णांक शून्य चार.
करड्या चौकटींवर जहाज उभं, खाली समुद्र नाही.
मी पाठ टेकतो. कूलरचं पाणी संपलंय,
नुसताच घरघरतोय.

प्रणय पुढे सरकतो, माऊस हातात घेतो.
म्हणजे काका,
अजून एक तोफ बसते की.