पत्र्यांचा हिशेब

नैवाशाच्या सरोवराकाठी फेब्रुवारी म्हणजे गुलाब.
मी हजेरी-कारकून. माझ्याकडे फुलं येत नाहीत,
तास येतात.

केरुबो पहिल्या रात्री आपणहून आली.
'जादा कामाला माझं नाव घाल,' म्हणाली, 'सगळ्यात वर.'
तिचा हिशेब शिलिंगांत नव्हता, पत्र्यांत होता.
दोन रात्रींचा एक पत्रा,
सात पत्र्यांत किसीच्या घरावर छप्पर.

पहिले चार दिवस तिचा हात काय चालायचा!
देठ छाटला, पानं ओरबाडली, वीस मोजले, रबर लावलं,
मुकादम ओबारे घड्याळ विसरून बघत राही.
तिसऱ्या पत्र्याला तिने दुपारचा चहा सोडला.
पाचव्याला बोलणं.
अकराव्या रात्री एका जुडीत एकोणीसच निघाले.
ओबारेने अर्धा पत्रा कापला.
तो पत्रा म्हणाला नाही अर्थात. दंड म्हणाला.

काटा रुतला तेव्हा तिला कळलंच नाही.
मला कळलं,
सहीच्या रकान्यात लाल बोट उठलं होतं.

मागण्या संपल्या, विमानं गेली, दोन दिवस सुटी मिळाली.
खिडकीजवळची जागा धरून ती बसमध्ये बसली,
आणि जाग आली ती थेट मिगोरीला.
किसी कधीच मागे पडलं होतं.
उलट फिरून घरी पोचली तर अंधार.
शिडी लावून चढली, पत्र्याला हात लावला.
'गार होता रे,' मला सांगताना हसत होती,
'आपल्या शीतखोलीसारखा.'
पहाटे परतीची बस.

सोमवारी वरून कागद आला:
कामगारांची प्रेरणा, एक ते पाच, खूण करा.
तिने विचारलं, म्हणजे काय?
म्हटलं, कामात मन लागतं का, असं विचारतायत.
'मन लागतं की,' ती म्हणाली.
'पण त्याच्या आधी डोळा लागतो.'

पाचांत यासाठी आकडा नव्हता.
मी तीनवर खूण केली.
मग दिव्याखाली सगळ्यांच्या तासांची बेरीज घेऊन बसलो,
तीनदा केली, तीनदा वेगळी आली,
आणि पलीकडून केरुबोचा आवाज आला,
मातृदिनाच्या मागण्या कधीपासून?

तिला आता खिडक्या हव्या होत्या.